बारा घोड्यांची साक्ष

तीन वर्षं बारा घोड्यांनी एकच गवत खाल्लं आणि एकालाही काही झालं नाही. या एका वाक्यासाठी संशोधन केंद्रानं चार कुरणं, जनावरं तोलायचे दोन काटे, रक्ताच्या नळ्यांनी गच्च भरलेला एक फ्रीज आणि एका बाईची तीन वर्षं खर्ची घातली होती. बाईचं नाव तिच्या खोलीच्या दारावर पितळी पाटीत कोरलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. शेतकरी तिला गवताच्या मॅडम म्हणत, केंद्रातले लोक नुसतं मॅडम म्हणत, आणि घरी, पंचेचाळिशी उलटली तरी, ती चिमीच होती.

गवत मात्र नाव घेण्यासारखं होतं. घोडा हा कुरणाचा वैरी असतो हे ज्यानं घोडे पाळलेत त्याला सांगायला नको. गाय जिभेनं गवत ओढून खाते, वर थोडं शिल्लक ठेवते. घोडा दातांनी मुळापर्यंत साफ करतो आणि मग फाटकापाशी उभा राहून खुरांनी जमीन उकरत बसतो. पाऊस झाला की त्या जागेचा चिखल होतो, चिखल लिदेसकट उतारानं ओढ्यात जातो आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे वरच्यांच्या नावानं बोटं मोडतात. हे नवं गवत त्या सगळ्याला पुरून उरलं. तुडवा, ओरबाडा, तहानेनं मारा, पंधरा दिवसांत ते पुन्हा उभं. किडे त्याला तोंड लावत नसत. मॅडमनं दर महिन्याला ओढ्याचं पाणी बाटलीत भरून खिडकीत ओळीनं मांडलं होतं. पहिल्या वर्षीच्या बाटल्या चहासारख्या, तिसऱ्या वर्षीच्या अशा की पलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. पाहुणा आला की ती आधी त्याला खिडकीशी नेई, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपवायचं कसब तिच्याजवळ नव्हतं.

किडे तोंड लावत नाहीत, इथंच खरं तर तिनं थबकायला हवं होतं. पण आपल्या लेकराचं कौतुक चाललेलं असताना कोण थबकतं?

प्रयोगातले बाराही घोडे खच्ची केलेले होते. तो निर्णय तिचाच. घोड्या घेतल्या की त्या माजावर येतात, खाणं टाकतात, एकमेकींना लाथा झाडतात आणि आकडे विस्कटून ठेवतात. खच्ची घोडा म्हणजे निवृत्तीला आलेला कारकून. वेळेवर खातो, वेळेवर काट्यावर उभा राहतो, कशात मन घालत नाही. त्यामुळे आकडे इतके स्वच्छ आले की तपासणीला आलेल्या समितीनं एकही प्रश्न न विचारता पाठ थोपटली. मग बारा पानांची पुस्तिका निघाली. तिच्यात सातव्या पानावर वाक्य होतं, ‘हे गवत घोड्यांसाठी सुरक्षित आहे.’ ते तिनं अकरा वेळा खोडून लिहिलं होतं, कारण पुराव्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही हा तिचा बाणा. ‘खच्ची घोड्यांसाठी’ असं लिहायचं मात्र अकरापैकी एकदाही तिला सुचलं नाही.

बी एकोणीस शेतांवर गेलं. पहिली गोणी दादाकडे गेली होती, पुस्तिका निघायच्या दीड वर्ष आधी, तिच्याच गाडीतून.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याचं घोडेस्वारी शिकवायचं छोटंसं ठिकाण होतं. पाच म्हातारे, शांत घोडे आणि एक घोडी. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांनी वाढवलेली आणि दुसऱ्यांनी बिघडवलेली जनावरं विकत घेतली आणि माणसात आणली. कुणाच्या तोंडात लगामाचे जुने घाव, कुणी पाठीला हात लावू देत नाही, कुणी छत्री दिसली की उधळतो. एक तरी शिंगरू जन्माला आल्यापासून आपल्या हातानं वाढवायचं, ज्याला माणसाच्या हाताची भीती म्हणजे काय ते ठाऊकच नसेल, एवढी एकच हौस त्याच्या मनात होती. आता गुडघे कुरकुरत होते आणि घोडीचंही वय वाढत होतं. या खेपेला नाही तर पुढे काही खरं नाही, हे तो स्वतःच सांगे.

घोडीला घरात सगळे सूनबाई म्हणत. मुलगा लग्नाचं नाव काढू देईना, तेव्हा दादानं एक दिवस घोडीच्या मानेवर थोपटून जाहीर केलं की आता आपली सून हीच. ती गाभण राहिली त्या दिवशी त्यानं बहिणीला फोन करून सांगितलं होतं, "सूनबाईला दिवस गेलेत!" आणि वहिनी मागून ओरडली होती की हे सगळ्यांना असंच सांगत सुटलेत, लोक माझं अभिनंदन करायला लागलेत.

आता मंगळवारची गोष्ट. सकाळी तोलाईच्या शेडमध्ये मोतद्दार घोड्यांना एकेक करून काट्यावर चढवत होता आणि मॅडम आकडे लिहून घेत होती. मोतद्दार तीस वर्षं केंद्रात होता आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या शेतांवर घोड्यांचे खूर तासायला जायचा.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"तुम्ही असं म्हणालात की मला आधीच राग येतो. विचारा."

"पुलापलीकडच्या शेतावर आपलं गवत आहे ना? तिथं दोन घोड्या गाभण. एकीचे दिवस भरून महिना झाला तरी व्यायचं नाव नाही. दुसरी व्याली, पण कासेत दुधाचा थेंब नाही. शिंगरू दुसऱ्या दिवशी गेलं. मालक म्हणतो, नशीब."

"होतं असं कधीकधी."

"होतं ना. एकीचं होतं. दोघींचं एकदम?" त्यानं काट्यावरच्या तांबड्या घोड्याची मान खाजवली. "मी मालकाला म्हटलं, गवताला बोल लावू नका, आमच्या बारा घोड्यांना काही झालेलं नाही. मग घरी जाताना माझं मलाच हसू आलं. या बारा बाप्यांना होऊन होऊन काय होणार होतं? यांना काय बाळंत व्हायचंय?"

तो हसला. तिनं आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला, खोडला, पुन्हा त्याच रकान्यात लिहिला. 

दुपारपर्यंत ती वर्गात शिकलेलं आणि नंतर विसरलेलं एक जुनं प्रकरण पुन्हा वाचत होती. काही गवतांच्या आत एक बुरशी राहते. बाहेरून दिसत नाही, पानावर डाग नाही, काही नाही. बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाते. तिच्यामुळे गवत काटक होतं, तहान सोसतं, किडे त्याला तोंड लावत नाहीत. आणि गाभण घोडीनं ते शेवटच्या महिन्यांत खाल्लं तर दिवस लांबतात, दूध येत नाही, शिंगराभोवतीची वार इतकी जाड होते की वितानाही फुटत नाही. इतर घोड्यांना सहसा काही होत नाही. उपाय मात्र अगदी साधा. घोडी त्या कुरणातून काढायची आणि दुसरं काहीतरी खायला घालायचं. लवकर काढली तर उत्तम, पण उशिरा काढली तरी दुधाला फरक पडतो.

तिनं स्वतः जाऊन गवताचे ठोंब उपटून आणले, बुडख्याची साल सोलली, निळा रंग घालून काचेवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींच्या मधून वळणावळणानं गेलेले निळे धागे होते. दुसऱ्या ठोंबातही होते, पाचव्यातही होते. बियाण्यासोबत बुरशी नसल्याचा दाखला आला होता, तो तिनं फायलीत लावला होता आणि त्यावर विश्वासही ठेवला होता.

पण एक पळवाट उरत होती आणि ती खोटी नव्हती. या बुरशीचे काही प्रकार निरुपद्रवीही असतात. विष करणारी कोणती आणि साधी कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी बाहेरच्या लॅबकडे नमुना पाठवावा लागतो आणि दोन आठवडे लागतात. तिनं संध्याकाळच्या आत नमुना पाठवला. मग संचालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

संचालकांनी चष्मा पुसला. "शेतकऱ्यांना आत्ताच सांगायचं का रिपोर्टनंतर, ते तुम्ही ठरवा. प्रयोग तुमचा आहे. तुमच्या मापात तुम्ही कधी चुकत नाही."

इथं कुणी तिला दटावलं असतं, नोकरीची भीती घातली असती, कागद दडपायला सांगितलं असतं, तर ही गोष्ट सांगायला किती सोपी गेली असती. तसं काहीच झालं नाही. कुणी तिचा हात धरला नाही. तिनं स्वतःच ठरवलं, रिपोर्ट येऊ दे. उगाच एकोणीस घरांत घबराट कशाला? लोक कुरणं नांगरून टाकतील, ओढ्यात पुन्हा चिखल जाईल, आणि बुरशी साधीच निघाली तर? खिडकीतल्या बाटल्यांकडे पाहत तिनं हे ठरवलं, हे मात्र तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला.

"चिमे, सूनबाई काही मनावर घेत नाही बघ. अकरा दिवस वर झाले."

"पहिलटकरीण आहे रे. होतं असं."

"ते मला पण कळतं. पण कास अजून हाताला लागत नाही. तुझी वहिनी म्हणते, हिला कुरणातून काढून कोरड्या वैरणीवर ठेवू या. मी म्हटलं, चिमीला विचारल्याशिवाय तिच्या गवताला नाव ठेवायचं नाही."

तिच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"थोडं थांब," ती म्हणाली. "मी एक रिपोर्ट मागवलाय. तो आला की सांगते."

"कसला रिपोर्ट?"

"गवताचाच. नेहमीचा."

साऱ्या बोलण्यात खोटा असा हा एकच शब्द. बाकी सगळं पुराव्याला धरून होतं.

"म्हणजे काढू नको ना?"

"आत्ताच काही बदलू नको."

"हेच मी हिला सांगत होतो!" दादा खूश झाला. मागे वहिनीचा काहीतरी आवाज आला, त्यावर तो हसून म्हणाला, "ऐकलंस? मॅडम काय म्हणतात ते ऐक." आणि त्यानं फोन ठेवला.

पुढचे दिवस तिनं कसे काढले हे विचारू नये. ती रोज लॅबला फोन करायची आणि लॅबमधली मुलगी रोज तितक्याच गोड आवाजात सांगायची की क्रमानं चाललंय. दोनदा तिनं दादाचा नंबर लावला आणि पहिली घंटी वाजायच्या आत बंद केला. काय सांगणार होती? मला संशय आहे? संशयावर बोलणाऱ्या माणसांची तिनं उभ्या आयुष्यात टर उडवली होती. आणि संशय खरा ठरला तर मग मंगळवारीच का नाही बोललीस, हा प्रश्न येणार होता. जितका उशीर होत गेला तितकं बोलणं अवघड होत गेलं, आणि अवघड होत गेलं म्हणून आणखी उशीर झाला.

पुढच्या गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "तू ये," एवढंच ती म्हणाली. "ह्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं. माझ्याशी बोलत नाहीत."

ती निघाली आणि अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेऊन थांबली. डॅशबोर्डच्या कप्प्यात बी दिलेल्या शेतांची यादी होती. तिनं एकेक नंबर फिरवला. गाभण घोडी असेल तर आत्ता, या मिनिटाला, कुरणातून बाहेर काढा. हो, मीच बोलतेय. हो, आमचंच गवत. नाही, रिपोर्ट अजून नाही. व्यायला लागली आणि पांढऱ्याऐवजी लाल पिशवी दिसली तर वाट बघू नका, फाडा. कुणी चक्रावलं, कुणी आभार मानले, एकानं शिवी दिली, पुलापलीकडच्यानं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. अठरा फोन झाले. चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांचं काम तिनं नऊ दिवस टाळलं होतं. एकोणिसाव्याकडे ती निघालीच होती.

तबेल्यात दादा उलट्या बादलीवर बसला होता. समोर पेंढ्यावर खोगिराखालची घोंगडी पसरलेली होती आणि तिच्याखाली जे होतं त्याचे चार बारीक खूर बाहेर राहिले होते. सूनबाई कोपऱ्यात उभी होती. मध्येच ती मान लांब करून घोंगडी हुंगायची आणि बारीक आवाज काढायची, घोडी शिंगराला बोलावताना काढते तसा. तिची कास तळहातासारखी सपाट होती.

वहिनी दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनंच सगळं सांगितलं. उजाडताना सुरू झालं. नेहमी पांढरी पिशवी येते ती नाही आली, लाल भडक काहीतरी आलं. "आम्हाला वाटलं, आता फुटेल, मग फुटेल. हे म्हणाले, पहिली वेळ आहे, तिचं तिला करू दे. डॉक्टर पोचेपर्यंत अर्धा तास गेला. ते म्हणाले, लाल दिसल्याबरोबर फाडायची असते, आतलं शिंगरू गुदमरतं. ज्यांना माहीत असतं ते चाकू हाताशी घेऊनच बसतात म्हणे. आम्हाला काय माहीत?"

ती बादली घोडीपुढे ठेवून घरात गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत चिमी थांबली.

"दादा, मला माहीत होतं."

त्यानं वर पाहिलं.

तिनं सांगितलं. मोतद्दारापासून सुरुवात केली, मग बुरशी, बियाणं, निळे धागे, लॅब. क्रम नीट होता. तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगताच येत नव्हतं. दादा ऐकत होता आणि अंगठ्यानं दुसऱ्या हाताच्या तळव्यावरचा वाळलेला रक्ताचा डाग घासत होता.

"कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात. मंगळवारी."

"मी गुरुवारी फोन केला होता."

"हो."

घोडीनं बादलीत तोंड घातलं आणि न पिताच काढून घेतलं.

"गुरुवारी काढली असती कुरणातून, तर वाचलं असतं?"

"तसं नक्की नाही सांगता येत," ती म्हणाली. "काहींना आठ दिवसांत फरक पडतो, काहींना पडत नाही. वार एकदा जाड झाली की..." आपलाच आवाज तिला ऐकू आला. सातव्या पानाचा आवाज होता तो. एकेक शब्द खरा होता आणि त्या खरेपणाची तिला किळस आली.

"चिमे," दादा म्हणाला, "मी मॅडमला नाही विचारलं."

ती घोंगडीकडे बघू शकली नाही. दादाकडे बघणं त्याहून अवघड होतं, पण तिनं त्याच्याकडेच बघितलं.

"वाचलं असतं, दादा. मी नुसतं सांगितलं असतं, तर तू चाकू घेऊन बसला असतास. वाचलं असतं."

त्यानं मान डोलावली. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं, ओरडावं असंही वाटत होतं. तो गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उठला, घोंगडी ओढून ते चार खूर झाकले आणि तिच्याकडे पाठ करून बोलला.

"ती रोज सांगत होती, घोडी काढा म्हणून. रोज. आठ दिवस मी तिची चेष्टा केली. म्हटलं, चिमीपेक्षा तुला जास्त कळतं का? पोरासमोर म्हटलं, शिकायला येणाऱ्या मुलांसमोर म्हटलं. काल रात्री जेवताना तिनं पुन्हा विषय काढला तर मी ताटावरून उठलो." घोंगडीची कड त्यानं पुन्हा सारखी केली. "जा, आत जा आणि तिला सांग. मला नाही जमायचं."

चिमी अंगण ओलांडून घराकडे गेली. स्वयंपाकघरात वहिनी टेबलाशी बसून होती. समोर दोन कप होते, चहावर साय धरली होती. नणंदेचा चेहरा बघून ती चटकन उठली, तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि पदरानं तिचे डोळे पुसायला लागली.

"रडू नको गं. तू कशाला जिवाला लावून घेतेस? जनावराचं असंच असतं. यात तुझा काय दोष?"

चिमीनं तिचा हात बाजूला केला आणि मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली.